जुन्या अमेरिकन मोटारींच्या नंबरप्लेट: ओळख आणि काळ, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीच्या, म्हणजे 1901 ते साधारण दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या अमेरिकन पाट्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात आला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. जुनी पाटी हातात आली की सगळ्यात आधी काय बघायचं? नंबर का?

नंबर सगळ्यात शेवटी. आधी पाटी उलटी करा. पुढची बाजू कुणीही रंगवू शकतं, मागच्या बाजूकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, त्यामुळे खरं काय ते तिथेच राहून जातं. ती कशाची आहे ते पाहा: चामडं, लाकूड, एनॅमल (भाजून बसवलेला काचेचा थर, प्रश्न 5) चढवलेलं लोखंड, सपाट रंगवलेला पत्रा, की आकडे ठोकून उठवलेला पत्रा? एवढ्यावरच काळ बराच आवळला जातो. मग भोकं आणि खाचा पाहा, कडा दुमडलेल्या आहेत की कापून तशाच सोडल्या आहेत ते पाहा, कारखान्याचा शिक्का आहे का ते शोधा. त्यानंतर राज्याचं नाव, वर्ष, रंग, आणि उरलं तर नंबर.

बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात. ‘नंबर 4127 आहे, म्हणजे किती जुनी?’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण 4127 हा नंबर जवळजवळ प्रत्येक राज्याने, आणि कित्येक राज्यांनी दरवर्षी नव्याने दिलेला आहे.

2. अमेरिकेत नंबरप्लेट नेमक्या कधी सुरू झाल्या?

कायद्याने सक्ती करणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क. 25 एप्रिल 1901 चा तो कायदा. पण राज्याने पाटी दिली नाही. मालकाने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे, निदान 3 इंच उंचीची, लावायची एवढंच सांगितलं होतं. पाटी स्वतः तयार करून देणारं पहिलं राज्य मॅसेच्युसेट्स, 1903 साली.

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ‘नोंदणी सुरू झाली’ आणि ‘राज्याने पाटी दिली’ यांत काही ठिकाणी बरीच वर्षं गेली. न्यूयॉर्कनेच पाट्या द्यायला 1910 उजाडलं. कॅलिफोर्नियात राज्याची नोंदणी 1905 पासून, राज्याची पाटी मात्र 1914 पासून. फ्लोरिडा तर 1918 पर्यंत थांबलं, आणि त्या वर्षापर्यंत तेव्हाच्या 48 ही राज्यांनी पाट्या द्यायला सुरुवात केली होती. मधल्या काळात मालकांनी काय लावलं, ते प्रश्न 3 मध्ये.

3. चामड्याच्या तुकड्यावर धातूचे आकडे ठोकलेले आहेत, राज्याचं नाव नीट नाही, साल नाही. ही खरी पाटी आहे का?

असू शकते, आणि खरी असेल तर संग्राहक ज्याला राज्यपूर्व पाटी म्हणतात ती हीच. राज्य फक्त क्रमांक द्यायचं, पाटी मालकाने करून घ्यायची. मग कुणी खोगीर शिवणाऱ्याकडे जाई, कुणी हार्डवेअरच्या दुकानातून घरांच्या दारावर लावायचे आकडे आणून चामड्यावर ठोके, कुणी लाकडी फळी रंगवी, तर कुणी लोहाराकडून पत्रा कापून आणी. त्यामुळे एकाच राज्याच्या, एकाच वर्षाच्या दोन पाट्या एकमेकींसारख्या दिसतीलच असं नाही.

न्यूयॉर्कची नुसती आद्याक्षरं असलेली पाटी 1901 ते 1903 या काळातली. एकाच आद्याक्षरांचे अनेक मालक निघणार हे उघडच होतं. 1903 साली राज्याने आद्याक्षरं सोडून क्रमांक सुरू केले.

खरेपणा तपासायचा तर आकडे कसे बसवले आहेत ते बघा. शंभर वर्षं एका जागी बसलेल्या आकड्याखालचं चामडं आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं. आकड्याच्या कडेने धातूचा हिरवट किंवा काळपट डाग चामड्यात मुरलेला असतो. मागच्या बाजूला वाकवलेल्या खिळ्यांची टोकं चामड्यात रुतून त्यांचे खळगे झालेले असतात. चामडं आकसतं पण धातू आकसत नाही, म्हणून अस्सल पाटीत भोकांभोवती चामडं ओढल्यासारखं, सुरकुतलेलं दिसतं. जुनं चामडं आणि जुने आकडे आज एकत्र आणून ‘नवी जुनी’ पाटी करणं अवघड नाही, पण या खुणा एका रात्रीत तयार होत नाहीत.

एक मात्र कबूल करायला हवं. साल नसलेल्या राज्यपूर्व पाटीचा काळ बहुतेक वेळा ‘अमुक ते तमुक’ असाच सांगता येतो. एक वर्ष बोट ठेवून सांगणाऱ्याला पुरावा विचारा.

4. माझ्या पाटीवर राज्याचं नव्हे, शहराचं नाव आहे.

राज्याने लक्ष घालण्याआधी अनेक शहरं आणि काउंटी (राज्यातले जिल्ह्यासारखे विभाग) स्वतःच नोंदणी करत होत्या. ओहायोत 1908 ला राज्याची पाटी आली, त्याआधी तिथल्या मोठ्या शहरांच्या आपापल्या पाट्या होत्या. टेक्सासमध्ये 1907 पासून नोंदणी काउंटीकडे होती, राज्याने ती 1917 मध्ये हाती घेतली.

पण शहराचं नाव म्हणजे जुनीच पाटी असं धरू नका. कित्येक शहरांनी राज्याच्या पाटीखेरीज आपला वेगळा कर आणि त्याची छोटी पट्टी पुढेही चालू ठेवली. अशी पट्टी 1920 किंवा 1930 च्या दशकातलीही असते. घोडागाडी, हातगाडी, सायकल, कुत्रा, या सगळ्यांचे परवाने धातूच्या बिल्ल्यांवर निघत होते, तेव्हा शब्द नीट वाचा.

5. एनॅमलची पाटी आणि चकचकीत रंग दिलेली पाटी यांतला फरक कसा ओळखायचा?

एनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत भुकटी पसरून 800 अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजली की ती वितळून पत्र्याला कायमची चिकटते. आधी गडद रंगाचा अस्तराचा थर, त्यावर पार्श्वभूमीचा रंग, त्यावर स्टेन्सिल ठेवून आकडे. प्रत्येक थराला वेगळी भाजणी.

हे सगळं एका टवक्यात दिसतं. भिंग घेऊन टवका उडालेली जागा पाहा. कडेला समजा पांढरा थर, त्याच्या आत निळा, मग काळपट अस्तराची बारीक रेघ, आणि मध्ये गंजलेलं लोखंड, अशा पायऱ्या दिसतात. तुटलेली कड शिंपल्यासारखी, काचेसारखी तुटते. रंगाचे पोपडे निघतात, एनॅमलचे टवके उडतात, हा फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. नख आकड्याच्या कडेवरून फिरवा: वरचा थर किंचित उंच लागतो.

भोकांकडेही बघा. मूळची भोकं भाजण्याआधी पाडलेली असल्यामुळे एनॅमल भोकाच्या कडेपर्यंत गोलसर वाहत आलेलं असतं. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाभोवती टवक्यांचं कडं असतं.

मागे कारखान्याचं नाव मिळालं तर दुधात साखर. पेनसिल्वेनियातल्या बीव्हर फॉल्स गावची इन्ग्राम-रिचर्डसन आणि मेरीलँडमधली बाल्टिमोर एनॅमल अँड नॉव्हेल्टी कंपनी ही त्यातली मोठी नावं. ‘इंग-रिच’ असा छोटा शिक्का दिसला तर तो पहिल्या कंपनीचा.

6. एनॅमलची पाटी आहे पण वर्षच नाही. काळ कसा ठरवू?

वर्ष नसणं हीच मोठी खूण आहे. सुरुवातीला एकदा दिलेली पाटी वर्षानुवर्षं चालेल अशीच राज्यांची कल्पना होती. दरवर्षी नवी पाटी म्हणजे दरवर्षी नवे पैसे, हे कारभाऱ्यांच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, बिनसालाच्या पाट्या ओळखायला त्यातल्या त्यात सोप्या. मॅसेच्युसेट्सची 1903 ते 1907: गडद निळ्यावर पांढरे आकडे आणि वर बारीक अक्षरांत ‘मास. ऑटोमोबाइल रजिस्टर’. मेनची 1905 ते 1911: लालवर पांढरं. न्यू हॅम्पशायरची त्याच काळातली: हिरव्यावर पांढरं. व्हरमाँटने 1905 ला गडद निळ्यावर पांढरं निवडलं, म्हणून ती मॅसेच्युसेट्सशी चुकून जुळवली जाते. वरचा मजकूर वाचला की भ्रम फिटतो.

अशा मालिकेत नंबर उपयोगी पडतो, कारण क्रमांक ओळीने दिले जात होते. मॅसेच्युसेट्सचा तीन आकडी नंबर सुरुवातीचा, पाच आकडी शेवटाकडचा. पाटीची लांबीही आकड्यांच्या संख्येनुसार बदलते, कमी आकड्यांची पाटी आखूड. पण इथे एक पाचर आहे. हरवलेल्या किंवा मोडलेल्या पाटीच्या जागी त्याच नंबरची नवी पाटी मिळू शके. म्हणून नंबरवरून नोंदणी कधीची याचा अंदाज बांधता येतो, पाटीचा तो तुकडा कधी भाजला गेला याचा नाही.

7. पाटीवर ‘13’ असं छोटं लिहिलंय. हे वर्षच आहे ना?

बहुधा हो. वर्ष पूर्ण, दोन आकडी, उभं एकाखाली एक, किंवा राज्याच्या संक्षेपाच्या पोटात, असं कसंही येतं. नंबरच्या आकड्यांपेक्षा वर्षाचे आकडे लहान असतात. मात्र काही राज्यांत काउंटीचा संकेतांकही असाच लहान आकड्यात कोपऱ्यात बसतो. त्याच राज्याच्या दोन-तीन पाट्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा: सगळ्यांवर सारखा असलेला आकडा वर्षाचा, बदलणारा काउंटीचा.

दुसरी अडचण आर्थिक वर्षाची. पाटीवरचं वर्ष कधी नोंदणीचं असतं, कधी मुदत संपण्याचं. मेरीलँडच्या 1940 च्या दशकातल्या पाट्यांवर 31 मार्चची मुदत स्पष्ट लिहिलेली असते. अशा पाटीचा बराचसा उपयोग आदल्या वर्षी झालेला असतो.

8. एनॅमल एवढं टिकाऊ, मग ते बंद का झालं?

टिकाऊ होतं म्हणूनच. दरवर्षी फेकून द्यायच्या वस्तूवर तीन-तीन भाजण्या कोण करणार? शिवाय ते जड, आणि खडबडीत रस्त्यावर उडालेल्या एका दगडाने टवका जायचा. मोटारींची संख्या वाढली तसा हिशेब बसेना.

पालट 1910 च्या दशकाच्या मध्यात झाला. मिशिगनची एनॅमल पाटी 1910 ते 1914. पेनसिल्वेनियाची 1906 ते 1915, पुढच्याच वर्षी उठावाच्या आकड्यांचा पत्रा. कॅलिफोर्नियाने तर उशिरा सुरुवात करून 1914 आणि 1915 अशी दोनच वर्षं एनॅमल वापरलं. त्यानंतर काही राज्यांनी सपाट रंगवलेला पत्रा घेतला, काहींनी थेट आकडे ठोकून उठवलेला. सपाट रंगवलेली पाटी ही मधल्या काळाची खूण आहे. तिचे पोपडे निघाले की आकडेच जातात, म्हणून चांगल्या अवस्थेत फार थोड्या उरल्या आहेत. माझ्या मते संग्राहक एनॅमलच्या मागे धावताना या गरीब बहिणीकडे उगाच दुर्लक्ष करतात.

उठावाच्या पाट्या हळूहळू तुरुंगातल्या कारखान्यांत बनू लागल्या. अशा पाटीमागे खाजगी कंपनीचा शिक्का शोधत बसू नये.

9. कॅलिफोर्नियाच्या पाटीवर अस्वलाचा धातूचा तुकडा लावलाय. तो मूळचा की कुणी हौसेने लावलेला?

मूळचा. 1916 ला कॅलिफोर्नियाने एक पाटी काढून तीच पुढची वर्षं चालवली, आणि दर वर्षासाठी वेगळ्या आकाराचा तुकडा दिला: 1916 ला अस्वल, 1917 ला पॉपीचं फूल, 1918 ला घंटा, 1919 ला तारा. म्हणजे या पाटीचं वर्ष पत्र्यावर नाही, तुकड्यावर ठरतं. तुकडा नसेल तर पाटी ‘1916 ते 1919’ एवढंच म्हणा.

हे तुकडे सुटे विकले जातात आणि सुट्या पाटीवर चढवले जातात. तुकड्याची झीज आणि पाटीची झीज जुळते का, तुकड्याखालचा रंग बाहेरच्यापेक्षा ताजा आहे का, ते तपासा. हीच तपासणी युद्धकाळातल्या तुकड्यांनाही लागू (प्रश्न 13).

10. पितळेचा की ॲल्युमिनियमचा छोटा बिल्ला आहे, त्यावर राज्याचं नाव आणि नंबर. ही नंबरप्लेट आहे का?

पाटी नव्हे, तिचा सोबती. मालक पाटी स्वतः करून घेत होता त्या काळात बऱ्याच राज्यांनी नोंदणीचा पुरावा म्हणून असा बिल्ला दिला. तो गाडीच्या आत, डॅशबोर्डवर ठोकायचा. न्यूयॉर्क, मिशिगन, कॅलिफोर्निया या सगळ्यांचे बिल्ले सापडतात. चामड्याच्या पाटीसोबत त्याच नंबरचा बिल्ला मिळाला तर प्रश्न 3 मधल्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

मागे पिन असेल आणि ‘शोफर’ असा शब्द असेल तर तो पगारी चालकाने टोपीला किंवा कोटाला लावायचा बिल्ला. सुंदर वस्तू, पण ती माणसाची ओळख, गाडीची नव्हे.

11. रंगावरून वर्ष सांगता येतं का?

राज्य माहीत असेल तर बऱ्यापैकी. दरवर्षी पाटी बदलणाऱ्या राज्यांनी रंगही बदलले, म्हणजे पोलिसाला लांबूनच जुनी पाटी ओळखू यावी. मॅसेच्युसेट्सने 1908 पासूनच्या सालवार एनॅमल पाट्यांत निळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर निळं अशी अदलाबदल केली.

पण रंग फसवतो. उन्हाने लाल रंग गुलाबी होतो, हिरवा निळसर होतो, पांढरा पिवळट पडतो. मूळ रंग पाहायचा तर बोल्टच्या डोक्याखाली किंवा चौकटीने झाकलेल्या कडेला पाहा. आणि पुन्हा रंगवलेल्या पाटीवर रंगाचा पुरावा शून्य.

12. पाटीवर चित्र असेल तर ती नवीन समजायची का?

नाही. ॲरिझोनाच्या 1917 च्या पाटीवर बैलाचं डोकं आहे. आयडाहोने 1928 ला पाटीभर बटाटा काढून त्यावर नंबर घातला आणि खाली ‘आयडाहो पोटॅटोज’ अशी जाहिरातही केली. मॅसेच्युसेट्सनेही 1928 लाच कॉड मासा काढला. तो मासा राज्याच्या नावाकडे पाठ करून पोहत होता, म्हणून मासे मिळेनासे झाले अशी कोळ्यांची ओरड झाल्याचा किस्सा संग्राहक रंगवून सांगतात. किस्सा खरा मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पाटी मात्र खरी आहे.

प्रकाश परतवणारा चमकता पापुद्रा चिकटवलेला असेल तर मात्र ती पाटी सुरुवातीच्या काळातली नाही, चित्र असो वा नसो.

13. माझी पाटी पुठ्ठ्यासारखी आहे. कुणीतरी घरी केलेली दिसते.

घाई करू नका. दुसऱ्या महायुद्धात पोलाद युद्धसामग्रीकडे वळलं तेव्हा इलिनॉयने 1943 पासून सोयाबीनपासून केलेल्या दाबीव पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या. व्हर्जिनियाची 1944 ची पाटीही पुठ्ठ्याची. या पाट्या गुरं आणि शेळ्या खातात अशी तक्रार तेव्हा गाजली, आणि अनेक पाट्यांचे कोपरे खरोखरच गेलेले दिसतात. काही ओलाव्याने, काही बहुधा शेळ्यांनी.

इतर अनेक राज्यांनी 1943 ला नवी पाटीच दिली नाही. 1942 च्याच पाटीवर छोटा धातूचा तुकडा किंवा काचेवर कागदी चिठ्ठी लावून काम भागवलं. म्हणून ‘1942’ उमटलेली पाटी 1943 लाही रस्त्यावर असू शकते.

14. माप विचित्र आहे, फार लांबट. कापलेली किंवा बनावट तर नाही?

मापावरून शंका घेऊ नका. 6 बाय 12 इंच हे प्रमाण माप 1956-57 ला सर्वत्र रुळलं. त्याआधी प्रत्येक राज्याची मर्जी. आकडे वाढले की पाटी लांबायची, मोटारसायकलची वेगळी, पुढची आणि मागचीही कधी वेगळी. इलिनॉयच्या 1910 च्या दशकातल्या काही पुढच्या पाट्या जाळीदार होत्या, रेडिएटरला हवा लागावी म्हणून. अशी पाटी पाहून कुणी ‘गंजून भोकं पडली’ म्हणून स्वस्तात टाकली तर उचला.

कापलेली पाटी कडेवरून कळते. मूळ कडेला दुमड किंवा उठावाची चौकट चारी बाजूंनी सारखी असते.

15. नंबरच्या आधी किंवा नंतर एखादं अक्षर आहे, त्याचा अर्थ काय?

डीलर, उत्पादक, ट्रक, भाड्याची गाडी, मोटारसायकल, ट्रेलर, काउंटी, वजनाचा वर्ग, यांपैकी काहीही. तेच अक्षर शेजारच्या राज्यात निराळ्या अर्थाने येतं, त्यामुळे राज्य आणि वर्ष पक्कं केल्याशिवाय अक्षराचा अर्थ लावू नये. कनेटिकटच्या सुरुवातीच्या पाट्यांवरचं ‘सी’ तर राज्याचंच अक्षर आहे.

16. नक्कल किंवा पुन्हा रंगवलेली पाटी कशी पकडायची?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा रंगवलेली पाटी अस्सल असते, फक्त तिची किंमत आणि पुरावा दोन्ही घटलेले असतात. तिरप्या उजेडात धरलीत तर नव्या रंगाखाली जुन्या गंजाचे खड्डे दिसतात. आकड्यांच्या कडा हाताने रंगवल्यासारख्या किंचित थरथरतात. कारखान्यात उठावावर रूळ फिरवून रंग लावत, त्यामुळे रंगाची सीमा उठावाच्या माथ्यावर राहते, उतारावर ओघळत नाही.

नक्कल ओळखायला पाठ बघा, पुन्हा पाठच. सजावटीसाठी केलेल्या एनॅमल नकलांना टवके मुद्दाम पाडलेले असतात, तेही भोकांच्या भोवती छान समप्रमाणात. खऱ्या पाटीला टवके बोल्ट आवळल्यामुळे आणि दगड लागल्यामुळे पडतात, म्हणजे वाटेल तसे. गंज टवक्याच्या मध्यभागी खोल आणि कडेला एनॅमलखाली शिरलेला असायला हवा. नुसता वरवर चोपडलेला तपकिरी रंग ओल्या कापसाने निघतो.

लोहचुंबक जवळ ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. सुरुवातीच्या बहुतेक पाट्या लोखंडी असल्या तरी अपवाद आहेत: कनेटिकटने 1937 ला ॲल्युमिनियमची पाटी काढली. चुंबक चिकटला नाही म्हणून ती नक्कल ठरत नाही.

17. पाटी साफ करू का?

काळ ठरवून, फोटो काढून झाल्यावर, आणि तेव्हाही कमीत कमी. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडी. एनॅमलला एवढं पुरतं. तारेचा ब्रश आणि लिंबू-व्हिनेगर दोन्ही टाळा: ब्रशने चरे पडतात, आम्लाने काचेची झळाळी जाते. रंगवलेल्या पत्र्यावर पाणीसुद्धा जपून, सुटू पाहणारा पोपडा त्याच्याबरोबर निघून येतो. चामडं भिजवू नका, तेलही चोळू नका. प्रश्न 3 मधले डाग म्हणजे घाण नव्हे, दाखला आहे.

18. नंबर जितका छोटा तितकी किंमत जास्त, हे खरं का?

अर्धं खरं. डेलावेअरचा 6 हा नंबर 2008 च्या लिलावात 675,000 डॉलरला गेला, आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपली एक-दोन आकडी पाटी सोन्याची वाटते. पण तिथे विकला गेला तो नंबर गाडीवर लावण्याचा चालू हक्क. पत्रा त्यात निमित्तमात्र. कालबाह्य पाटीला असा हक्क नसतो. तिची किंमत राज्य, वर्ष, उरलेल्या नगांची संख्या आणि अवस्था यांवर ठरते, छोटा नंबर हा वरचा तडका. दुर्मीळ राज्याची टवके उडालेली पाच आकडी पाटीही सामान्य राज्याच्या दोन आकडी पाटीला मागे टाकते. पुढची-मागची जोडी मिळाली तर अर्थातच भाव वाढतो.

तुलनेसाठी नमुने पाहायचे तर 1954 ला स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल लायसन्स प्लेट कलेक्टर्स असोसिएशनच्या सभासदांकडे राज्यवार, सालवार संग्रह आहेत.

19. गाडीसोबत मिळालेल्या पाटीवर 1915 आहे. म्हणजे गाडी 1915 ची?

गाडी 1915 ला रस्त्यावर होती, एवढंच, आणि तेही पाटी त्याच गाडीची असेल तर. 1911 ची गाडी 1915 ला 1915 चीच पाटी लावणार. उलट, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत जुन्या गाडीला तिच्या निर्मितीवर्षाची अस्सल जुनी पाटी लावून रीतसर नोंदणी करता येते. त्यामुळे हौशी मालक गाडी आधी घेतात आणि तिला शोभणारी पाटी नंतर शोधतात. गाडी आणि पाटी यांचं साल तंतोतंत जुळलं की मी उलट जास्त सावध होतो.

20. माझी पाटी ब्रिटिश आहे. वरचे नियम लागू पडतील का?

जवळजवळ एकही नाही. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कार कायद्याने 1 जानेवारी 1904 पासून नंबर सक्तीचे झाले, पण नंबर गाडीला कायमचा मिळाला. दरवर्षी नवी पाटी हा प्रकारच नाही. पाटी फुटली तर मालक दुसरी करून घेई, म्हणून तिथे पत्र्याचं वय आणि नंबरचं वय यांचा संबंध तुटलेला असतो. 1908 चा नंबर 1950 च्या पत्र्यावर असणं यात काहीच संशयास्पद नाही.

काळ ठरतो तो अक्षरांवरून. एक किंवा दोन अक्षरं म्हणजे नोंदणी करणारा परगणा: ‘ए’ लंडन, ‘बी’ लँकेशायर. पुढे 1 ते 9999. हे आकडे संपले तेव्हा 1932 ला स्टॅफर्डशायरपासून तीन अक्षरांची सुरुवात झाली. म्हणजे तीन अक्षरी नंबर 1932 च्या आधीचा असूच शकत नाही.

जर्मनीतही तोच प्रकार, फक्त तिथे 1906-07 पासून रोमन आकडा प्रांत सांगतो: एक म्हणजे प्रशिया, दोन म्हणजे बव्हेरिया, आणि ‘एक-ए’ म्हणजे बर्लिन. फ्रान्स या सगळ्यांच्या आधीचा, पॅरिसच्या पोलिसांचा हुकूम 14 ऑगस्ट 1893 चा. तिथे पाटीवर सुरुवातीला मालकाचं नाव आणि पत्ताही असायचा, त्यामुळे अशी पाटी सापडली तर तिचा मालक शोधण्याचं काम अमेरिकन पाटीपेक्षा कितीतरी सोपं होतं.